इंजिन बंद ठेवणारी होडी

प्रमिला सिस्टर बोलता बोलता समोरच्याच्या छातीकडे पाहायच्या. नवीन माणूस बावचळायचा, शर्टाची गुंडी उघडी राहिली की काय म्हणून चाचपून पाहायचा. मी फुलसावंगीच्या दवाखान्यात रुजू झालो, सरकारी कागदावर औषधनिर्माता अन् गावाच्या तोंडी कंपाउंडर, त्या दिवशी मीही तेच केलं. तर सिस्टर म्हणाल्या, "गुंडी लागली आहे भाऊ. तुमचा श्वास पाहून राह्यली मी. सायकलवरून उतरून एवढा वेळ झाला, अजून दम बसला नाई. बिडी सोडा." ओळख ना पाळख, अन् पहिलं वाक्य हे. मला असा राग आला म्हणता. माझी बायको लग्नापासून जे सांगत होती तेच ऐकायला मी नोकरी धरली होती काय. बिडी मी मुद्दाम आणखी चार महिने ओढली.

सिस्टरांचं माहेर राजूरचं. बाप कोळशाच्या खाणीत. म्हातारा बाजेवर बसून श्वास ओढायचा आणि पोरं खाली बसून अभ्यास करायची. "आवाज चालू असला की गणित करायचो," सिस्टर सांगायच्या, "थांबला की पुस्तक ठेवून उठायचो." बाप गेला तेव्हा त्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होत्या. नंतर लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची दवाखान्यात कोणाची छाती नव्हती, डॉक्टरांचीसुद्धा.

कोणत्याही गोष्टीवर त्यांचं एकच ठरलेलं बोलणं होतं. बदलीची ऑर्डर येवो, चहात दूध नसो, शिपायाचं बायकोशी भांडण होवो, "श्वास चालू आहे ना? मंग बाकीचं पाहू." पेशंट आला की त्या आधी त्याच्यासोबतच्या माणसाला खाऊ घालायच्या. उपाशी नातेवाईक उशाशी बसून रडते अन् पेशंटला वाटते आपण मेलो, असा त्यांचा हिशेब. डबा त्यांचा आणि जेवणारे भलतेच. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, तुम्ही खानावळच काहून टाकत नाही?" तर माझाच डबा उघडून एका म्हातारीपुढे सरकवला. त्यात त्या दिवशी भरीत होतं, अन् वांग्याचं भरीत माझ्या घरी काही रोज होत नाही.

त्या वर्षांबद्दल वेगळं काय सांगू. कापसाचे ते वाईट दिवस आमच्या जिल्ह्यात कोणाच्या घरावरून गेले नाहीत? बोंडात अळी, म्हणून फवारा. अळी मेली नाही, म्हणून आणखी जहाल फवारा. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढायची आणि मजूर पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरायचा. औषध पिकावर कमी अन् त्याच्या तोंडावर जास्त. भादव्यात अशी माणसं आमच्याकडे यायला लागायची. तोंडाला फेस, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, छातीत घरघर.

रामदास तसाच आला. गावातलाच मजूर, हसरा, दुसऱ्याच्या वावरात फवारणी करून पोट भरणारा. बायको कांता टेम्पोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, पण गडी श्वासच घेईना. पुसदला न्यायची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. सिस्टरांनी श्वास द्यायचा रबरी फुगा त्याच्या तोंडावर धरला आणि दाबायला लागल्या. दुपार टळली, ऊन भिंतीवरून खाली आलं, बाई दाबतेच आहे. मी म्हणालो, मी धरतो थोडं. तर म्हणाल्या, "तुमच्या हाताले अजून बिडीचा ताल आहे, राहू द्या."

आणि दाबता दाबता त्या त्याच्याशी बोलत होत्या. शुद्ध नसलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय? त्यांच्या भाचीच्या शाळेच्या पुस्तकात देवमाशाचा धडा होता, तोच त्यांच्या डोक्यात बसलेला. "तो मासा नोहेच रामदास, नुसतं नाव मासा. एवढा आपल्या दवाखान्याएवढा, पण त्यालेबी श्वास घ्याले वर यावंच लागते. खाली किती बी रमला तरी यावं लागते. तू बी ये बाप्पा. ये वर." कांता कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. सायंकाळी रामदासची छाती आपली आपण हलली. सिस्टर फुगा ठेवून बाहेर ओट्यावर बसल्या आणि कांतालाच म्हणाल्या, "चहा पाज वो मले." बोटं वाकत नव्हती त्यांची. कपबशी कांतानं धरली.

शुद्धीवर आल्यावर रामदासनं पहिलं विचारलं, "सिस्टर, तो मासा कुठं राह्यते?"

जीव वाचला, पण डोळे निवळले नाहीत. पुसदच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, नजर हळूहळू जाणार. जवळचं वर्ष-दीड वर्ष दिसेल, मग तेही नाही. रामदास हे ऐकून हसला. "मंग त मासा लवकर पाहा लागन," म्हणाला. त्यानं गंमत केली होती. सिस्टरांनी ती गंमत धरली नाही. "दाखवतो तुले," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून नजर जायच्या आधी रामदासला समुद्रावर न्यायचं हे एकच खूळ त्यांच्या डोक्यात घुसलं. पूस नदीच्या पलीकडचं मोठं पाणी आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं.

पुसदला एक ट्रॅव्हल्सवाला होता. सिस्टर मला घेऊन गेल्या. त्यानं रंगीत फोटो पसरले. मोठी दोन मजली बोट, वर गाणी लागलेली, मधे जेवण, साठ माणसं, "मॅडम, डॉल्फिन आणि व्हेल दोन्हीची गॅरंटी." सिस्टरांनी फोटो निरखून पाहिला. "एवढी उंच बोट. खालचं याले दिसन काय? अन् गाणी कायले लावता? त्याचा श्वास कसा ऐकू येईन?" ट्रॅव्हल्सवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "गॅरंटी देणारा डॉक्टर अन् गॅरंटी देणारा होडीवाला, दोघांपासून दूर राहा लागते भाऊ."

मग फोन सुरू झाले. मोबाइलची रेंज दवाखान्यात फक्त माझ्या औषधाच्या खिडकीशी यायची, म्हणून सगळं माझ्या डोक्यावर. इकडे मी गोळ्या मोजतोय आणि तिकडे सिस्टर कोकणातल्या कुठल्या कुठल्या माणसांना प्रश्न विचारताहेत. प्रश्न ठरलेले. होडीत माणसं किती घेता? मासा दिसला की इंजिन बंद करता का? नाहीच दिसला तर काय करता? एकानं सांगितलं, इंजिन बंद केलं तर मासा पळून जाईल, त्याचा पाठलागच करावा लागतो. सिस्टरांनी त्याला असं झापलं की तो शेवटी सॉरी म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, मॅडम तुम्ही सरकारी चौकशीवाल्या आहात का. पेशंट रांगेत उभे राहून हे ऐकायचे अन् आपापली मतं द्यायचे. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका आजोबानं मला विचारलं, "जमली का वं होडी?" घरात सोयरीक चालू असावी तसा सूर.

शेवटी दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मालवणकडचा एक जण भेटला. आवाजावरून वय झालेला वाटला. फोन मोठ्यावर होता, म्हणून मीही ऐकलं.

"देवमासा दिसन काय?" सिस्टर.

"तसं मी सांगत नाही ताई. मी स्वतः आयुष्यात मोजक्या वेळा पाहिलाय. डॉल्फिन दिसतील बहुतेक."

"नाई दिसले तर?"

"तर समुद्र बघून परत येऊ."

"डॉल्फिनबी श्वास घ्याले वर येते?"

"येतो ना. जवळ आला तर फुस्स करतो. इंजिन बंद करून बसलं की ऐकायला येतो. आमची होडी लहान, सहाच माणसं घेतो. फक्त बोलायचं नाही कोणी."

सिस्टरांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "हाच."

मग त्या माणसानं आपणहून सांगितलं की नंतर खडकांपाशी होडी लावतो. काचेचा चष्मा चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्यात तोंड घालून मासे पाहायचे. पोहता येत नसलं तरी रबरी कडं असतं, हात धरतो. मासे किती लांब असतात, सिस्टरांनी विचारलं. लांब कुठले, नाकासमोरून जातात, तो म्हणाला. ते ऐकून सिस्टरांचा चेहरा जो उजळला. रामदासला जवळचं दिसत होतं अजून. देवमासा नाही तर डॉल्फिन कानानं आणि बारके मासे डोळ्यांनी, दोन्हीची सोय झाली. पावसात होडी बंद, म्हणून दिवाळीनंतरचा दिवस ठरला.

होडीत कोण बसणार हेही सिस्टरांनीच ठरवलं. रामदास, कांता, त्या आणि मी. माझी बायको म्हणाली, समुद्र टीव्हीवर पाहिला, पुरे. डॉक्टरांच्या मेव्हण्याला यायचं होतं, त्याला तोंडावर नाही म्हणाल्या. "तो गप बसत नाई." उरलेल्या जागा रिकाम्या राहू द्या, पाय पसरायला होतील, असं त्यांचं म्हणणं.

तो चष्मा आणि नळी त्यांनी भाचीकडून नागपूरहून मागवली. सराव व्हायला पाहिजे म्हणाल्या. दवाखान्यामागे बोअरच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं होतं, गुरं पाणी प्यायची त्यात. तिथं कार्यक्रम झाला. अर्धं गाव जमलं. पेशंट रांग सोडून आले. पहिल्यांदा मला वाकवलं. मी नळीतून श्वास घ्यायच्या ऐवजी नाकानं ओढायला गेलो, काच नाकाला चिकटली, ठसका लागला अन् टाक्यातलं पाणी पोटात. लोक हसून हसून खाली बसले. "हे भैताड औषधं देते आपल्याले," कोणीतरी म्हणालं. सिस्टरांनी पदर खोचून स्वतः तोंड घातलं, चांगला वेळ राहिल्या, आणि वर येऊन म्हणाल्या, "गुराच्या टाक्यात शेवाळ लय आहे."

रामदासला मात्र ते पहिल्याच झटक्यात जमलं. तोंड पाण्यात, नळीचं टोक वर, पाठ शांत हलते आहे. बाहेर यायलाच तयार नाही. शेवटी कांतानं सदरा ओढला. काच वर करून तो म्हणाला, "सिस्टर, नाक बंद, डोये बंद, अन् तरी श्वास येते. गजब चीज आहे बाप्पा." सगळे पुन्हा हसले. सिस्टर इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "घरी घेऊन जा. सराव कर रोज." मीच ते पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं.

पण दिवाळीआधी भादव्यात अळी पुन्हा पडली. रामदासनं पंप पाठीला लावायचा नाही, हे सिस्टरांनी त्याला, कांताला अन् गावातल्या वावरवाल्यांना दहादा बजावलं होतं. पण त्याला दुसरं काम येत नव्हतं आणि अंधुक दिसणाऱ्या माणसाला नवीन काम देतं कोण. एका सकाळी तो गेला. कांतानं अडवलं होतं. तो म्हणाला, "आता काय होते? सिस्टरनं यंत्र देलं ना." त्यानं नीट विचार केला होता. पाण्यात माणूस खाली असतो आणि नळीचं तोंड वर, म्हणून श्वास साफ येतो. पऱ्हाटी डोक्यापर्यंत आलेली, म्हणजे तीही पाणीच. आपण खाली, नळीचं तोंड शेंड्यांच्या वर, विष सगळं खाली. डोळ्यांवर काच, नाक बंद. भर वाऱ्यात तो फवारत गेला, तोंडात नळी धरून, मोठे मोठे श्वास घेत.

त्याला आणलं तेव्हा चष्मा गळ्यात लोंबत होता. सिस्टरांनी तो पाहिला. पट्टा सोडवला, बाजूला ठेवला आणि फुगा हातात घेतला. डॉक्टर जे करायचं ते करत होते. या वेळी गाडी होती. आम्ही पुसदला निघालो, सिस्टर गाडीत गुडघ्यांवर बसून दाबत होत्या, मी सलाईन धरलेलं, कांता त्याच्या पायाशी. सिस्टर बोलत होत्या, पण माशाचं नाही. "दिवाळीनंतर जाचं आहे रामदास. ठरलं आहे आपलं. त्यानं सहाची होडी आपल्या चौघायसाठी ठेवली आहे." पुसदच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सिस्टरांचं मनगट धरलं. "सोडा सिस्टर," ते म्हणाले. "तुम्ही सोडा," सिस्टर म्हणाल्या, आणि दाबतच राहिल्या. कांतानं त्यांना मागून मिठी घातली तेव्हा थांबल्या. नवरा जिचा गेला, तिनं त्यांना धरलं होतं.

त्यानंतर सिस्टर ड्यूटीवर यायच्या, इंजेक्शनं द्यायच्या, पण लोकांशी बोलताना जमिनीकडे पाहायच्या. चूक कोणाचीही म्हणा, दवाखान्यात कोणी त्यांना एक शब्द बोललं नाही. तेच त्यांना सोसत नव्हतं. मला एकदा म्हणाल्या, "कांतानं एक शिवी तरी द्यावी भाऊ. रोज जातो तिच्या घरी. ती भाकर वाढते मले." माणसाला धीर द्यायचं औषध माझ्या कपाटात नव्हतं आणि तोंडातही नव्हतं. त्यांनी मला होडीवाल्याला फोन करून नाही कळवायला सांगितलं. मी नंबर लावत होतो, तेवढ्यात कांता खिडकीशी येऊन उभी राहिली. "नाई म्हणू नका," ती म्हणाली. "मले जाचं आहे. सिस्टरले घेऊन."

सिस्टरांना आम्ही जवळजवळ ओढतच नेलं. एसटी बदलत बदलत मालवण गाठलं. होडीवाला अनवाणी, पांढऱ्या मिशांचा. चार जण ठरले होते आणि तीनच आले, हे त्यानं पाहिलं आणि विचारलं नाही. सकाळी पाणी संथ होतं. बऱ्याच आत गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि बोट ओठांवर ठेवलं. मीही तोंड मिटून बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग डावीकडून तो आवाज आला. कोणीतरी दमलेल्या माणसानं ओझं खाली ठेवून श्वास सोडावा तसा. करडी पाठ दिसली आणि गेली. पुन्हा एक, त्याच्या मागे एक बारकं. कांतानं डोळे मिटून घेतले होते. सिस्टर आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

मग खडकांपाशी होडी लागली. होडीवाल्यानं डब्यातून चष्मे काढले, नळ्या काढल्या. सिस्टर उभ्याच राहिल्या, होडी डगमगली. "नको. हे नको. परत चला."

"मले घालून पाह्यचं आहे," कांता म्हणाली.

"कांता, नको माय."

"त्यानं घातलं ते मले पाह्यचं आहे."

होडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. कांतानं लुगडं खोचलं, कडं कमरेत घातलं आणि त्याच्या आधारानं पाण्यात उतरली. सिस्टरांनी होडीच्या काठावर पोटावर आडवं पडून तिचं मनगट धरलं. कांतानं पाण्यात तोंड घातलं. ती राहिली, राहिली, वर येईचना. सिस्टर नळीच्या टोकापाशी तोंड नेऊन पाहत होत्या, त्यांचा पदर, हात, अर्धं अंग पाण्यात. मला वाटलं या बाईचं काळीज आता थांबतं.

कांतानं मान वर केली. काच कपाळावर सरकवली. डोळे लाल झाले होते, खाऱ्या पाण्यानं की कशानं कोण जाणे.

"सिस्टर," ती म्हणाली, "ह्याच्यात श्वास साफ येते."

सिस्टरांनी मनगट आणखी घट्ट धरलं.

"आतमधी असलं का वाटतेच, आता आपल्याले काई होत नाई. मलेबी वाटलं." तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. "त्यालेबी तसंच वाटलं असन. तो भेवून नाई गेला, सिस्टर. कशालेच भेवून नाई गेला."

सिस्टर नंतर बदली घेऊन राजूरकडे गेल्या, तिकडेच निवृत्त झाल्या, तिकडेच वारल्या. निरोप आला तेव्हा मला जायला जमलं नाही, दर्शन झालं नाही, आणि खरं सांगतो, मला ते नकोच होतं. श्वास न घेणाऱ्या प्रमिला सिस्टर मला पाहायच्या नव्हत्या.

मला दिसतात त्या होडीतल्या. आम्ही कांताला वर ओढून घेतलं आणि सिस्टर तिथंच फळ्यांवर बसकण मारून रडायला लागल्या, मोठ्यानं, हुंदके देत. होडीवाला तोंड फिरवून दोरी गुंडाळत बसला. रडण्याच्या भरात त्यांना दम लागला, बोलता येईना, कांताचा हात काही सुटेना. आणि कांता दुसऱ्या हातानं त्यांचा ओला पदर पिळत होती, थोडा थोडा करून, आणि पाणी होडीबाहेर टाकत होती.